लेव्हल

आमच्या घराला आधी तीन पायऱ्या होत्या,
चढायच्या.
डांबर आलं, एक गेली.
पुन्हा डांबर आलं, दुसरी गेली.
तिसरीवर माझी पिको-फॉलची पाटी टेकलेली असायची.
सिमेंट रोडवाल्यांनी ती उचलून
फडक्यानं पुसून भिंतीशी उभी केली,
आणि पायरी गाडली.

आता पुन्हा तीन आहेत.
उतरायच्या.

मोजणीवाला पोट्टा तिपाईला डोळा लावून उभा होता.
म्हटलं, भाऊ, घर खाली जाऊन राह्यलं ना आमचं.
तो डोळा न काढता म्हणाला,
घर तिथंच आहे ताई,
लेव्हल वर आली.

बाबा याच खोलीत खड्ड्याच्या मागावर बसायचे,
कमरेपर्यंत जमिनीत,
पाय पावड्यांवर, हातात धोटा.
वरच्या अर्ध्या माणसाशी आम्ही बोलायचो,
खालचा अर्धा लुगडी विणायचा.
माग भंगारात गेला त्या वर्षी
मुरूम टाकून खड्डा बुजवला, वर फरशी बसवली.
आई म्हणाली, बरं झालं,
आता या घरात कोणी खड्ड्यात बसणार नाही.

श्रावणात फरशीच्या सांध्यांतून पाणी वर येतं,
सगळीकडून नाही,
बरोबर तेवढ्याच चौकोनातून.

मशीन खिडकीशी आहे. खिडकीत रस्ता आहे,
आणि माणसं पोटरीपर्यंत.
निनावेकाकू डावा पाय ओढतात.
पराते मास्तरांच्या चपलेला सुतळीचा अंगठा.
बायका मी काठावरून ओळखते.
एकदा लाइट गेली होती,
जांभळ्या साडीला हिरव्या धाग्यानं फॉल लावून दिला,
कोणाला सांगितलं नाही.
दर शुक्रवारी भाजीबाजाराकडे जाते ती साडी
माझी चूक घेऊन.

मग पाय कमी व्हायला लागले.
निनावे बेसाला गेल्या. धकाते हुडकेश्वरला.
मोटघरे तर वाठोड्याच्याही पलीकडे,
जिथं पत्ता विचारला की आधी खसरा नंबर सांगतात,
मग पाण्याची टाकी,
मग म्हणतात, थांबा तिथंच, मी येतो घ्यायला.
त्यांच्या जागी खिडकीत टायर उभे राहतात,
दिवस दिवस.
दुपारी दीडलाच बल्ब लावते मी.

भाऊ सातव्या मजल्यावर आहे.
फोनवर सांगतो, हवा मोकळी असली की
कोराडीचा धूर दिसते इथून.
तुझं घर बी दिसलं असतं,
मधात पूल आला.
शेजारी कोण आहे रे, मी विचारलं.
लिफ्टमध्ये भेटतात, म्हणाला,
नाव नाही माहीत, मजला माहीत आहे.
तू ये ना इकडे.
मी म्हटलं, गिऱ्हाईक आलं.
आलं नव्हतं.

काल मात्र एक काठ थांबला खिडकीत.
आंबा रंगाचा, स्वस्त, टाका माझा नाही.
वीतभर फॉल लोंबत होता, चपलेत अडकणारच.
ओ बाई, फॉल उसवला!
पाय उजवीकडे वळले, डावीकडे वळले,
आवाज कुठून येतो कळेना त्यांना.
खाली, म्हटलं. खाली बघा.

ती वाकली.
कित्येक दिवसांनी खिडकीत तोंड आलं,
घामेजलेलं, नाकात चमकी,
काखेत पत्रकांचा गठ्ठा:
प्लॉट बुक करा, रिंग रोडपासून पाच मिनिटं,
रस्ता, नाली, लाइटसहित.
तिनं आत डोकावून पाहिलं,
बल्ब पाहिला, मशीन, मी.

इथं कोणी राह्यते?

राह्यते, म्हटलं.
या. दहा मिनिटं लागतील, सत्तर रुपये.
मधली पायरी हलते,
कडेनं उतरा.